तीनशे छत्तीस दिवसांचा खेळ

"सायेब, एक सांगा. खेळ किती दिवस पुरायला पायजे?"

मुजावरांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी त्यांच्या दुकानातल्या लाकडी स्टुलावर बसून, गुडघ्यावर वही ठेवून, सातव्या कॅसेटच्या नोंदी पूर्ण करीत होतो. सांगलीच्या बसस्थानकामागच्या गल्लीत त्यांचे टीव्ही-दुरुस्तीचे दुकान होते आणि पुढच्या भागात ते टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम विकत. १९९७ सालच्या सप्टेंबरची सहा तारीख, शनिवार. आदल्या दिवशीच गणपती बसले होते आणि गल्लीच्या तोंडाशी मंडपाचे काम अजून चालू होते. सलग तिसऱ्या शनिवारी मी तिथे येऊन बसलो होतो. एकच कॅसेट घ्यायची असे घरी ठरले होते, त्यामुळे ती चुकून चालणार नव्हते.

"तीनशे चौतीस," मी म्हणालो.

मुजावर हसले. "दिवस?"

"दिवस."

"लोक विचारतात, मारामारीचा हाय का, गाड्यांचा हाय का. किती दिवस चालंल, हे बॅटरीबद्दल विचारतात."

"मुलीसाठी आहे. तिला आजपासून दोनशे सदुसष्ट दिवस पाठीवर पडून राहायचं आहे. त्याची सव्वापट धरली."

त्यांनी हातातला पेचकस काउंटरवर ठेवला. माझी पत्नी शैलजा वगळता हा आकडा मी कोणापुढेही उच्चारला नव्हता, आणि तो एका परक्या दुकानदारापुढे इतक्या सहज कसा निघाला, याचे मला आश्चर्य वाटले.

"पोरीला म्हाईत हाय?"

"नाही. तिला दिवाळीपर्यंत सांगितलंय."

"आमची तस्लीम असती तर पयल्याच दिवशी वळखलं असतं तिनं. पोरी बापाचं तोंड वाचतात, सायेब."

"मी तोंडावर काही येऊ देत नाही," मी म्हणालो आणि वही पुढे केली. "हा गुहांचा खेळ द्या."

पद्मजा तेव्हा चौदा वर्षांची होती, नववीत. जूनपासून तिची पाठ दुखत होती आणि आम्ही दप्तराला दोष देत होतो. ऑगस्टमध्ये मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यापुढे धरला आणि पेन्सिलीच्या टोकाने दोन मणक्यांमधली जागा दाखवली. कसर लागलेल्या कापडाची कड दिसते तशी ती कड दिसत होती. हाडाचा क्षय. औषधांनी बरा होणारा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि तो पुढे बराही झाला. परंतु हाड पुन्हा घट्ट होईपर्यंत काखेपासून कमरेपर्यंत प्लास्टर आणि सपाट पाठीवर झोप, मे महिन्याच्या अखेरीपर्यंत. जेवायलासुद्धा उठायचे नाही. उठून बसली आणि मणका दबला, तर पायांतली शक्ती जाऊ शकते. "मुलीला नीट समजावून सांगा," असे ते दोनदा म्हणाले.

परतताना जीपच्या मागच्या भागात गादी टाकून तिला झोपवले होते. रचून ठेवलेल्या विटांसारखी ती निश्चल होती. कवलापूर मागे पडल्यावर तिने विचारले, "अण्णा, दिवाळीपर्यंतच ना?"

शैलजाने माझ्याकडे पाहिले. निराश होऊन मुलगी उठून बसली तर काय, हेच आम्हां दोघांच्या मनात होते.

"दिवाळीपर्यंत," मी म्हणालो.

त्या एका शब्दात मी जो अडकलो तो अडकलोच. तिने एका कागदावर दिवाळीपर्यंतचे आकडे उतरत्या क्रमाने लिहून तो भिंतीला लावून घेतला आणि रोज सकाळी आईकडून एक आकडा खोडून घेऊ लागली. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत गेल्यावर कोणते धडे मागे पडलेले असतील, त्याची यादी तिने केली. वर्गातली सुजाता येऊन वह्या देऊन जाई. शाळेत मी वर्ष सोडल्याचा अर्ज देऊन आलो होतो, तरी वह्या येतच होत्या. रोज सायंकाळी कामावरून परतलो की मी प्रथम त्या कागदाकडे पाहत असे. आकडा कमी होई आणि माझ्या भोवतीची जागाही तेवढीच कमी होई. त्या शनिवारी सकाळी तो चोपन्नवर आला होता.

सव्वापटीविषयी सांगायला हवे. कराडच्या तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतल्यापासून मी तालुक्याच्या दूध संघात शीतयंत्रणेची देखभाल पाहत होतो. एक कॉम्प्रेसर बंद पडला की हजारो लिटर दूध नासते. म्हणून भांडारात कोणताही सुटा भाग ठेवताना नियम एकच होता : गरज काढा, तिची सव्वापट करा, तेवढे ठेवा. तोच नियम घरातही शिरला होता. पद्मजाला आठ वह्या हव्या असल्या तर मी दहा आणत असे. आलेल्या पाहुण्यांना शैलजा सांगत असे, "बरं झालं, यांना एकच मूल हवं होतं. वरचं पाव कुठून आणलं असतं?"

आणि कोणतीही वस्तू तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय घ्यायची नाही, हा दुसरा नियम. खेळ टीव्हीवरचा असला म्हणून त्याला वेगळा न्याय लावावा असे मला वाटले नाही. मुजावरांकडच्या सात कॅसेटी मी एकेक करून स्वतः खेळून पाहिल्या. शाळकरी मुले मागे उभी राहून मला सूचना देत आणि मी दर वेळी खड्ड्यात पडलो की हळहळत. टप्प्यांची संख्या, प्रत्येक टप्प्याचा वेळ, डोळ्यांवरचा ताण, मारामारी, आवाज, पडून खेळण्याची सोय, असे रकाने करून मी शंभरपैकी गुण दिले. गुहांच्या खेळात एकशे बारा गुहा होत्या. गुहा संपली की पडद्यावर अकरा अक्षरे येत. ती लिहून ठेवली की दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येई. एका गुहेला सरासरी सहा तास लागतात, असे तस्लीमने सांगितले होते. डॉक्टरांनी टीव्हीला रोज दोन तासांचीच परवानगी दिली होती. म्हणजे गुहेला तीन दिवस, एकूण तीनशे छत्तीस. मला हवे होते तीनशे चौतीस. इतकी जुळणी मला भांडारातही क्वचितच साधली होती. बसमध्ये खेळाच्या यंत्राचे आणि कॅसेटचे खोके मांडीवर घेऊन बसलो असताना मी तीन आठवड्यांत प्रथमच काहीसा समाधानी होतो.

घरी पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. पद्मजाने मान तेवढी वळवली.

"तीन शनिवार, अण्णा. स्थळ बघायला एवढे लागत नाहीत."

"स्थळाला एवढे रकाने नसतात," मी म्हणालो.

"मग सांगलीतली सगळी पोरं आता तुम्हाला ओळखत असतील. काय म्हणतात? गेमवाले काका?"

"आजोबा म्हणतात," मी म्हणालो. ती हसली. प्लास्टरमुळे तिला पोटातून हसता येत नसे, ते हसू नाकाशीच संपत असे.

मी कॅसेट तिच्या चेहऱ्यापुढे धरली, म्हणजे तिला वरचे चित्र दिसेल. डोंगराच्या पोटात कंदील घेऊन उतरणारी एक मुलगी होती.

"कसला आहे?"

"शोधाचा. डोंगराखाली एक शहर गाडलं गेलं आहे. एकेक गुहा ओलांडत तिथपर्यंत पोचायचं."

"आणि बाकीचे का नाही घेतले?"

इथे थांबायला हवे होते. परंतु तीन आठवडे खपून केलेला तक्ता आजवर कोणी पाहायला मागितला नव्हता, आणि निवडीचा आधार विचारला की तो पूर्ण सांगायचा, ही सवय माझ्या हाडात मुरलेली. मी खुर्ची ओढून वही उघडली. शेवटच्या ओळीत दोनशे सदुसष्ट लिहिलेले होते, ती ओळ मी अंगठ्याने झाकली. बाकी सर्व सांगितले. गाड्यांचा खेळ तीन दिवसांत कंटाळवाणा होतो. विटा पडण्याच्या खेळाने डोळे शिणतात. मल्लांच्या खेळात किंचाळ्या फार. ती लक्षपूर्वक ऐकत होती. तिला माझे तक्ते लहानपणापासून आवडत.

"या गुहा किती?"

"एकशे बारा."

"एका गुहेला वेळ किती लागतो?"

"सहा तास. दुकानदारांच्या मुलीचा अनुभव आहे."

"आणि मला रोज दोन तास."

"हो. तेवढीच परवानगी आहे."

ती आढ्याकडे पाहू लागली. ओठ किंचित हलत होते. ती गुहांची कल्पना करीत असावी असे मला वाटले. शैलजा तिच्यासाठी ताक आणि नळी घेऊन आली.

"तीनशे छत्तीस," पद्मजा म्हणाली.

"काय गं?" शैलजाने विचारले.

"खेळ तीनशे छत्तीस दिवसांचा आहे." तिने अजून आमच्याकडे पाहिले नव्हते. "अण्णा, दिवाळीला चोपन्न दिवस आहेत. चोपन्नची सव्वापट साडेसदुसष्ट. तुम्ही अडुसष्ट दिवसांचा खेळ आणायला हवा होता."

अंगठ्याखालची ओळ मला एकाएकी गरम लागली.

"तोच एक चांगला निघाला," मी म्हणालो. "मधेच सोडून दिला तरी चालतो."

"तुम्ही असं कधी आणत नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. माझ्या शब्दापेक्षा माझ्या पद्धतीवर तिचा विश्वास अधिक होता.

"अगं, आल्या आल्या त्यांना काय धारेवर धरतेस," शैलजा म्हणाली. "ऊन केवढं आहे बाहेर. आधी ताक घे बघू."

"आई, तीनशे छत्तीसला सव्वाने भागलं की दोनशे एकोणसत्तर येतात. आजपासून दोनशे एकोणसत्तर दिवस मोज."

"मला नाही येत तसलं मोजायला."

"मग मी मोजते." चादरीवर तिची बोटे हलू लागली. "सप्टेंबरचे चोवीस. ऑक्टोबर, पंचावन्न. नोव्हेंबर, पंच्याऐंशी."

तिला थांबवावे, काहीतरी खाली पाडावे, दार वाजल्याचे निमित्त करावे, असे सर्व माझ्या मनात येऊन गेले. ती डिसेंबर ओलांडून गेली. फेब्रुवारीला क्षणभर अडखळली, अठ्ठावीसच धरले, आणि पुढे गेली.

"दोन जून," ती म्हणाली.

"एकतीस मे," मी म्हणालो.

दोन दिवसांची चूक होती, आणि ती मला तशीच राहू देता आली नाही.

शैलजाने पेला खाली ठेवला आणि झटकन वाकून पद्मजाचे दोन्ही खांदे धरले. पद्मजाने खाटेची पट्टी घट्ट पकडली होती.

"धरू नको, आई. मी उठत नाहीये."

भिंतीवरच्या कागदाकडे मी पाहिले नाही. तिने मात्र पाहिले.

"शाळा?"

"पुढच्या जूनमध्ये पुन्हा नववी," मी म्हणालो.

"म्हणजे सुजाता दहावीत."

"हो."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"मिरजेपासून."

"मी जीपमध्ये विचारलं तेव्हा?"

"माहीत होतं."

"मी वह्या उतरवून घेत होते," ती म्हणाली. "रोज. हात दुखेपर्यंत."

मग ती रडली. सपाट झोपलेल्या माणसाचे अश्रू गालांवरून येत नाहीत, कानांत जातात. शैलजा पदराच्या टोकाने तिचे कान पुसत राहिली. मी वही मिटून, टोपण लावलेले पेन हातात धरून बसून होतो. उठून दुसऱ्या खोलीत जावे असे वाटत होते आणि ती तिथून जाऊ शकत नसताना मी जावे, हेही जमत नव्हते.

अर्ध्या तासाने तिने नाक ओढले.

"ही कॅसेट परत करा."

"अगं, आता तर तुला कळलंच आहे. आता हीच..."

"हिच्यात मी एकटीच आहे. एकशे बारा गुहांत एकटी." ती थांबली. "वहीतले बाकीचे वाचा. सगळे वाचा, गुणांसकट."

मी वाचू लागलो. सहावा संपल्यावर मी थांबलो.

"सातवा?"

"तो बाद आहे. शंभरात अकरा गुण. दोन होड्या असतात, एकमेकींवर गोळे टाकायचे. चार मिनिटांत एक बुडते. पुढे काही नाही."

"दुसरी होडी कोण चालवतं?"

"दुसरा खेळणारा."

"वहीत 'किती जण' असा रकाना आहे?"

मी पाहिले, जरी पाहायची गरज नव्हती. "नाही."

"तो आणा."

"पद्मा, चार मिनिटांचा खेळ नऊ महिने..."

"तो आणा, अण्णा. आणि दुसरी होडी तुम्ही घ्यायची. आई नाही. तुम्ही."

दोनच्या बसने मी पुन्हा सांगलीला गेलो. मुजावरांनी गुहांची कॅसेट उलटसुलट करून पाहिली आणि माझ्याकडेही तसेच पाहिले.

"कळलं तर पोरीला."

"हो."

"तोंडावरनं?"

"नाही. गणितावरनं."

ते हसले नाहीत. होड्यांची कॅसेट त्यांनी काउंटरच्या तळातून काढून फडक्याने पुसली.

"दुसरा रिमोटही लागेल," मी म्हणालो.

"सायेब, मशीनच्या डब्यात दोन रिमोट असत्यातच. तुम्ही उघडून न्हाई बघितलं?"

परतलो तेव्हा पावणेपाच झाले होते. टीव्ही मी आधीच संघाच्या कार्यशाळेत लोखंडी पट्ट्यांची चौकट करवून तिच्या पायांच्या बाजूला उंचावर टांगला होता, पडदा खाली झुकलेला. उशीच्या जागेपासून पडद्यापर्यंत दोरी ताणून मी कोन काढला होता आणि तो अचूक होता. आता मी खाटेशेजारी खुर्ची ठेवून बसलो आणि रिमोट हाती घेतला, तर पडद्यावर पांढऱ्या चकाकीपलीकडे काहीच दिसेना. तो पडदा फक्त आडव्या माणसाला दिसत होता.

"झोपा," पद्मजा म्हणाली.

मी ओसरीवरचा लाकडी बाक आत आणला, खाटेला लावला आणि त्यावर उताणा झालो. डोक्याखाली उशी घेतली.

"उशी नाही. मला नाहीये."

मी उशी काढली. खोलीचे आढे मी वीस वर्षे पाहत होतो, पण असे नाही. पंख्याच्या पात्यांवरची काळी कड, भिंत आणि छत मिळतात तिथली तडा गेलेली रेघ, आणि खाली झुकलेला तो पडदा. याखेरीज काही दिसत नव्हते. दार उघडले की बंद झाले, ते आवाजावरून ओळखावे लागत होते.

माझी होडी पन्नास सेकंदांत बुडाली. नंतर चाळीस. तिसऱ्या वेळी मी स्वतःच्याच गोळ्याने बुडालो.

"हे कसं केलंत?" तिने विचारले.

"बटण चुकलं."

"बटणं दोनच आहेत, अण्णा."

पंचवीस-तीस डावांनंतर माझी कंबर ताठली. पाऊण तास झाला असेल. मी कोपरावर भार देऊन थोडा उठलो.

"उठायचं नाही," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

मी कोपर काढून घेतला.

आम्ही जैन. आमच्या घरात सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत, आणि ते तर दशलक्षणाचे दिवस होते. पद्मजाला शैलजाने मी परतण्याआधीच भरवले होते. सव्वासहाच्या सुमारास शैलजा दाराशी आली असावी. मला फक्त तिच्या बांगड्या ऐकू आल्या.

"अहो, दिवस मावळायला आला. पान वाढलंय."

पद्मजाच्या होडीने माझ्या होडीला कोपऱ्यात घेरले होते.

"अहो, ऐकलंत का? सकाळपासून दोन घास तेवढे पोटात आहेत."

"जा, जेवून या," पद्मजा म्हणाली. "मी कुठे पळून जातेय."

खिडकी माझ्या डोक्यामागे होती. उजेड किती उरला आहे ते छतावरच्या रंगावरूनच कळत होते. तो पिवळट होता, मग करडा होऊ लागला. उठून पाटावर बसायला मला दहा पावले पुरली असती.

"दोन तास झालेले नाहीत," मी म्हणालो.

शैलजाच्या बांगड्या स्वयंपाकघराकडे गेल्या आणि ताटावर ताट झाकल्याचा आवाज आला. छत करड्याचे काळे झाले. पडद्याचा निळा उजेड तेवढा आम्हां दोघांच्या अंगावर पडत होता. माझी होडी बुडाली.

"पाठ अवघडली?" तिने विचारले.

"हो," मी म्हणालो. "फार."

गेल्या तीन आठवड्यांत तिने स्वतःच्या पाठीविषयी चकार शब्द काढला नव्हता. आम्ही विचारले की "ठीक आहे" म्हणत असे, दर वेळी, त्याच स्वरात.

"माझी पण," ती म्हणाली, आणि तिने पुढचा डाव सुरू केला.